चव्हाट्याचं थ्रीडी मॉडेल: ॲबरडीनच्या मर्कॅट क्रॉसच्या प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२४

आज नुसतं बघून आलो. कॅमेरा नेला होता पण बॅगेतून काढलाच नाही, कासलगेटवर असला वारा सुटला होता की टोपी दोनदा पळाली आणि दुसऱ्यांदा ती पकडायला एका आजींनी मदत केली. पण ठरलंय, उन्हाळा लागायच्या आत मर्कॅट क्रॉसचं थ्रीडी मॉडेल करायचंच. ऑफिसात आठवडाभर पाइपांचे आणि व्हॉल्व्हांचे स्कॅन बघतो, म्हटलं एकदा तरी असं काहीतरी स्कॅन करू ज्याला गंज चढत नाही.

ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन शहरात युनियन स्ट्रीट पूर्वेला जिथे संपते तिथे मोठा फरसबंद चौक आहे, त्याला कासलगेट म्हणतात. त्या चौकात दगडी सहा कोनी मंडपासारखं बांधकाम आहे, खाली कमानी, वर कठडा, कठड्यावर बारा कोरीव पॅनल, मधून एक खांब वर गेलाय आणि खांबाच्या टोकावर पांढऱ्या संगमरवराचा युनिकॉर्न, एकशिंगी घोडा, स्कॉटलंडच्या राजघराण्याचा प्राणी. १६८६ साली जॉन माँटगोमेरी नावाच्या गवंड्याने बांधला, तो ओल्ड रेन या जवळच्या खेड्यातला. खर्च १०० पाउंड.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला तर ती म्हणाली, "अरे पण यात क्रॉस कुठाय?" आता काय सांगणार, नाहीचे. मर्कॅट म्हणजे स्कॉट्स बोलीत मार्केट, बाजाराची खूण म्हणून उभारायचे, नाव क्रॉस राहिलं आणि वर मात्र घोडा. तिला म्हटलं गावातला चव्हाटा समज, बाजार तिथेच, सरकारी हुकूम तिथेच वाचणार, कुणाला शिक्षा द्यायची तर तीही तिथेच. ती म्हणाली, "मग सरळ चव्हाटा म्हण की." लॅपटॉपवर फोल्डरचं नाव तेच ठेवलंय.

३ मार्च

मापं. शंभर वर्षांपूर्वीच्या एका ज्ञानकोशात आकडे मिळाले, व्यास २१ फूट, उंची १८ फूट, वरचा खांब साडेबारा फूट. म्हणजे मंडप ६.४ मीटर रुंद, ५.५ मीटर उंच आणि खांब ३.८. युनिकॉर्न सोडून सव्वानऊ मीटर. माझं मॉडेल याच्या आसपास आलं नाही तर चूक माझी, माँटगोमेरीची नाही.

ड्रोन वापरणार नाही. भर शहरात, खाली माणसं, वर सीगल, नको ती कटकट. खिडक्या पुसणारे वापरतात तसला लांब होणारा पोल मागवलाय, त्याच्या टोकाला छोटा कॅमेरा.

१० मार्च

पहिलं शूटिंग. सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे, ते जोडून सॉफ्टवेअर मॉडेल बनवतं. ढगाळ होतं, म्हणजे बेस्ट, कारण ऊन असलं की सावल्या सरकतात आणि सॉफ्टवेअरला वाटतं सावली हा दगडाचाच भाग आहे. सकाळी सातला पोचलो, चौकात मी, एक कचरागाडी आणि सीगल. एक गोल जमिनीजवळून, एक छातीच्या उंचीवरून, एक हात वर करून, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान सत्तर टक्के भाग यायला हवा म्हणून एक पाऊल, क्लिक, एक पाऊल, क्लिक. २१४ फोटो झाले. शेवटच्या गोलात एक सीगल येऊन युनिकॉर्नच्या डोक्यावर बसला आणि बसला तो बसलाच. मी टाळ्या वाजवल्या, शुकशुक केलं. इथले सीगल माणसाच्या हातातली चिप्सची पुडी पळवतात, त्यांना माझी कसली भीती.

१२ मार्च

मेशरूम रात्रभर चालवलं. फुकट सॉफ्टवेअर आहे, फक्त एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड लागतं, ते मुलीच्या गेमिंगसाठी घेतलेल्या लॅपटॉपमध्ये आहे, त्यामुळे घरात थोडं राजकारण झालं. सकाळी उठून बघतो तर षटकोनाचा पंचकोन झालेला!

कारण कळायला तासभर गेला. क्रॉसच्या सहाही बाजू एकसारख्या, तीच कमान, तेच खांब, तीच रुंदी. सॉफ्टवेअर फोटोंमधले सारखे ठिपके शोधून जोडतं, त्याला दुसरी आणि पाचवी बाजू एकच वाटली आणि त्याने खुशाल एकावर एक चढवली. वरची पॅनल वेगवेगळी आहेत खरी, पण खालून काढलेल्या फोटोत ती कोपऱ्यात तिरकी येतात, ठिपके सगळे कमानीचेच. बांधणाऱ्याने इतकं मापात बांधलंय की त्याचाच त्रास. आणि युनिकॉर्नच्या डोक्यावर एक पांढरा गोळा आलाय, तो सीगल.

१७ मार्च

उपाय: मार्कर. गोल गोल रिंगांचे काळे-पांढरे मार्कर ए-फोर कागदावर छापले, प्रत्येकाचा नंबर वेगळा, म्हणजे कुठली बाजू कुठली ते सॉफ्टवेअरला कळेल. ते दगडाला चिकटवायचे नाहीत, हे आधीच ठरवलं होतं. वास्तू इथल्या सरकारी यादीत वरच्या वर्गात आहे, ए श्रेणीत, आणि नसती तरी साडेतीनशे वर्षांच्या दगडाला सेलोटेप लावायची म्हणजे काय. जमिनीवर ठेवायचे तर वारा. शेवटी घरातून तूरडाळीची आठ पाकिटं नेली, किलो किलोची, प्रत्येक कागदाच्या कडेला एक. बायकोने निघताना बजावलं, "डाळ मोजून परत आण."

तर मी वाकून सातवं पाकीट ठेवतोय आणि एक आजोबा कुत्र्याला घेऊन आले, "फिट लाइक?" म्हणाले. हे इथलं डॉरिक, म्हणजे कसं काय. मग त्यांनी एकदा क्रॉसकडे बघितलं, एकदा डाळीकडे, आणि विचारलं विकायला आणलीय का, कारण जागा तर बरोबर आहे. मला इतकं हसू आलं की त्या वेळचे तीन फोटो हललेत.

पण ते बोलले ते शंभर टक्के खरं. पूर्वी बर्गमध्ये, म्हणजे राजाची सनद मिळालेल्या गावात, बाजार हा हक्क होता, आणि माल उघड्यावर, सगळ्यांसमोर, ठरलेल्या वेळी आणायचा असा कायदा. शेतकरी गावात पोचायच्या आधीच वाटेत गाठून माल उचलायचा आणि मग चढ्या भावाने विकायचा, हा रीतसर गुन्हा होता, त्याला फोरस्टॉलिंग म्हणत. हे वाचल्यावर मला आमच्या तासगावचे द्राक्षाच्या वेळचे व्यापारी आठवले, बागेतच येऊन सौदा करणारे. क्रॉस म्हणजे काय तर इथे आण, लोकांना दिसू दे, मग भाव बोल.

२४ मार्च

पाऊस. काही नाही.

३१ मार्च

आज घड्याळं पुढे गेली, एक तास झोप गेली. मार्करवाला सेट नीट जुळला, सहाच्या सहा बाजू आल्या, फक्त गोल पूर्ण होताना शेवटच्या कोपऱ्यात चारेक सेंटिमीटरची फट राहतेय. ती नंतर बघू. आज पॅनल बघत बसलो, झूम करून करून.

बारा पॅनल: एकावर राजचिन्ह, एकावर ॲबरडीन शहराचं चिन्ह आणि उरलेल्या दहावर स्टुअर्ट घराण्याचे दहा राजे, पहिल्या जेम्सपासून सातव्या जेम्सपर्यंत, त्यातली एक बाई, मेरी. माँटगोमेरीने यातला पहिला जेम्स काही पाहिलेला नव्हता, तो १४३७ मध्येच पर्थला मारेकऱ्यांच्या हातून गेला, म्हणजे क्रॉसच्या अडीचशे वर्षं आधी. मग मी सहज प्रत्येकाचं काय झालं ते वहीत लिहायला लागलो आणि थांबताच येईना. दुसरा जेम्स, १४६०, रॉक्सबर्गच्या वेढ्यात स्वतःचीच तोफ शेजारी फुटून. तिसरा, १४८८, बंडखोरांशी लढाईत, आणि बंडखोरांच्या बाजूला त्याचा स्वतःचा पोरगा. तोच पोरगा चौथा जेम्स, १५१३ ला फ्लॉडनच्या रणात. पाचवा आजाराने, तिशीत. मेरीचं १५८७ मध्ये मुंडकं उडवलं, तिच्या नातवाचं, पहिल्या चार्ल्सचं, १६४९ मध्ये. मधला सहावा जेम्स आणि शेवटून दुसरा दुसरा चार्ल्स (हे वाचताना मीच अडखळलो) हे अंथरुणात गेले. म्हणजे दहातले सहा जण तलवार, तोफ, कुऱ्हाड यांनी गेले, आणि ही सगळी मंडळी भाजीबाजाराच्या वर ओळीने कोरून ठेवलेली.

आणि खरी गंमत शेवटच्या पॅनलची. सातवा जेम्स १६८५ ला गादीवर आला, १६८६ ला इथे दगडात आला, आणि डिसेंबर १६८८ ला फ्रान्सला पळून गेला. आपल्याकडे नव्या साहेबांच्या नावाची कोनशिला बसते आणि साहेबांची बदली होते, तसंच. फक्त इथे पॅनल कुणी काढलं नाही. हे पुढे कामाला येतं, लिहीन.

६ एप्रिल

युनिकॉर्न. आजचा सगळा दिवस त्याच्यात गेला आणि हाती फार काही नाही.

प्रॉब्लेम असा की प्राणी पांढरा, आकाश पांढरं. ॲबरडीनचं आकाश वर्षातले बरेच दिवस मळक्या चादरीसारखं असतं, आणि समुद्रावरून हार आला, म्हणजे इथलं धुकं, की मग विचारूच नका. सॉफ्टवेअरला कडा सापडत नाही, शिंगाच्या भोवती आकाशाचा तुकडा चिकटून येतो, घोडा आयाळीसकट कापसाच्या पोत्यातून बाहेर आल्यासारखा दिसतो. निळं आकाश असेल तर कडा छान मिळेल पण मग ऊन, आणि ऊन आलं की सावल्या. ढग फाटून पाच मिनिटं निळं दिसलं तेवढ्यात पोल वर करून ६० फोटो मारले, हात थरथरत होते. एका जोडप्याला वाटलं मी टीव्हीचा माणूस आहे.

उरलेलं काम घरी, एकेका फोटोतून आकाश हाताने पुसायचं. ६० फोटो. चहा चार कप.

१३ एप्रिल

आकाश पुसून झालं, घोडा जमला. शिंगाचं टोक अजून बोथट आहे पण खालून कोण बघतंय.

आज दगडाबद्दल. ॲबरडीनला ग्रॅनाइट सिटी म्हणतात, आख्खं शहर करड्या ग्रॅनाइटचं, पाऊस पडून ऊन आलं की भिंती चमचमतात. पण शहरातल्या या सगळ्यात मानाच्या वास्तूत ग्रॅनाइट नाही, हा सॅंडस्टोन आहे. आधी विचित्र वाटलं, मग विचार केला तर साधं आहे. ग्रॅनाइट छिन्नीला दाद देत नाही. रुबिस्लॉची खाण १७४० नंतर चालू झाली, ग्रॅनाइट यंत्राने कापायचं आणि पॉलिश करायचं जमलं ते १८३० च्या दशकात वगैरे, तोवर डोळे, दाढ्या आणि कॉलरच्या झालरी कोरायच्या असतील तर मऊ दगडच हवा. आपल्याकडे काळ्या पाषाणात हेमाडपंती देवळं कोरली त्या लोकांना मी इथून परत एकदा नमस्कार केला.

मऊ दगडाची किंमत मात्र मॉडेलमध्ये दिसते. टेक्स्चर, म्हणजे फोटोतून आलेला वरचा रंग, काढून टाकून नुसता करडा आकार बघितला की झीज कळते, वरून पाणी कुठून गळतं, कुठली कड गोल झालीय. फोटोत हे कळत नाही, कारण काळपट डाग डोळ्याला फसवतात. मला वाटतं या सगळ्या उद्योगाचा खरा उपयोग हाच, पन्नास वर्षांनी कुणी परत मोजेल तर फरक मिळेल.

२० एप्रिल

आज मोठी चूक सापडली, आणि ती सॉफ्टवेअरची नाही, माझ्या डोक्यातली.

मी मॉडेलच्या भोवती चौक म्हणून आताच्या कासलगेटचं मैदान टाकत होतो, म्हणजे मागे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेची किल्ल्यासारखी इमारत, सिटाडेल, बाजूला दुकानं वगैरे, आणि मनात चित्र असं की इथेच १६८६ पासून सगळं घडलं. तर तसं नाहीये. क्रॉस मुळात इथे नव्हताच! तो पलीकडे टोलबूथच्या समोर होता, १८४२ मध्ये सोडवून पूर्वेला आत्ताच्या जागी परत उभा केला. टोलबूथ म्हणजे नगरपालिका, कोर्ट आणि तुरुंग एकाच छपराखाली, त्याचा सतराव्या शतकातला मनोरा अजून आहे, आता म्युझियम. म्हणजे जुना चव्हाटा तुरुंगाच्या दारात होता. कैद्याला बाहेर काढायचं, चार पावलं चालवायचं, लोकांसमोर उभं करायचं. १८४२ नंतर हे सगळं नातंच तुटलं, उरला तो चौकातला शोभेचा मंडप. मी आजवर शोभेच्या मंडपाचं मॉडेल करत होतो.

तरी हलवला हे नशीब म्हणायचं. एडिनबराने आपला क्रॉस १७५६ मध्ये रहदारीला अडतो म्हणून पाडूनच टाकला, आत्ता आहे तो १८८५ चा, ब्रिटनचा पंतप्रधान राहिलेल्या ग्लॅडस्टनने पैसे दिले म्हणून झालेला.

तर आता नकाशे. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर जुने नकाशे इतक्या मोठ्या साइजमध्ये फुकट आहेत की रडू यावं. मी तीन घेतले: जेम्स गॉर्डन नावाच्या पाद्र्याचा १६६१ चा, जॉन वूडचा १८२८ चा आणि ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा खात्याचा, १८६६-६७ चा, ज्याचं प्रमाण एकास पाचशे, म्हणजे दारासमोरची पायरीसुद्धा दिसावी. गॉर्डनच्या नकाशाच्या वेळी आपला क्रॉस बांधलाच नव्हता, तेव्हा चौकात दोन जुने क्रॉस होते, एक मटणबाजाराचा आणि एक मासळीबाजाराचा. हे मला फार आवडलं, वास कुठल्या बाजूने येतोय त्यावरून कळत असणार आपण कुठे आहोत ते.

२१ एप्रिल

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशे एकावर एक बसवले. दोन्ही काळात जागेवर असलेल्या गोष्टी धरून बसवावं लागतं. टोलबूथचा मनोरा धरला, किंग स्ट्रीट सुरू होते तो कोपरा धरला, बंदराकडे उतरणाऱ्या मॅरिशल स्ट्रीटचा कोपरा धरला. किंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची ती खांबांची मोठी बँक, आता पब झालेली, ती आधी धरली होती आणि वूडचा नकाशा असा वाकडा झाला की पापडच, मग लक्षात आलं ती बँक १८३९ ते ४२ मध्ये बांधलीय, १८२८ च्या नकाशात ती असणार कशी. दोन तास गेले. बायको म्हणाली झोप आता.

२७ एप्रिल

फोटो नाही, नकाशा नाही, आज नुसतं वाचन, पण हे लिहिलंच पाहिजे.

पीटर विल्यमसन. अबॉइन भागातल्या शेतकऱ्याचा पोरगा, १७४३ च्या सुमाराला ॲबरडीनच्या बंदरावर फिरत असताना त्याला फसवून जहाजावर चढवलं, आणि फिलाडेल्फियात १६ पाउंडांना विकलं. पोरं पळवून अमेरिकेत ठरावीक वर्षांच्या गुलामीत विकायचा हा धंदा होता आणि त्यात शहरातली वजनदार माणसं होती. हा पठ्ठ्या तिकडे मोठा झाला, त्याच्या म्हणण्यानुसार मूळ रहिवाशांच्या कैदेत पडला, सैन्यात गेला, १७५६ मध्ये परत आला, आणि आपली हकिकत छापून गावोगाव विकत फिरायला लागला. (हकिकतीत तिखटमीठ बरंच होतं असं अभ्यासक म्हणतात, पण पळवल्याची गोष्ट खरी निघाली.) १७५८ मध्ये तो पुस्तकं घेऊन ॲबरडीनला आला. झालं, शहराच्या मॅजिस्ट्रेटांनी त्याच्यावर बदनामीचा ठपका ठेवला, पुस्तकातली ती पानं फाडली आणि मर्कॅट क्रॉसपाशी शहराच्या फाशी देणाऱ्या माणसाकडून जाहीरपणे जाळली. त्याला दंड केला आणि गावाबाहेर काढलं.

म्हणजे बघा, पोरं चोरल्याची गोष्ट चव्हाट्यावर आणली म्हणून त्याच चव्हाट्यावर ती गोष्ट जाळली. मी दोन महिने ज्या कमानीचे फोटो काढतोय तिच्यासमोर.

पण विल्यमसन गप्प बसणारा नव्हता. एडिनबराच्या वरच्या कोर्टात केस टाकली आणि १७६२ मध्ये १०० पाउंड नुकसानभरपाई मिळवली. १०० पाउंड! शहाहत्तर वर्षांपूर्वी आख्खा क्रॉस जेवढ्यात बांधला तेवढेच. पुढे त्याने एडिनबरामध्ये कॉफी हाउस काढलं, १७७३ मध्ये शहराची पहिली नाव-पत्त्यांची डिरेक्टरी छापली, एका पेनीत पत्र घरपोच करणारी टपालसेवा चालवली. आणि ॲबरडीनच्या क्रॉसच्या खालच्या भागात एके काळी काय होतं माहितेय का, पोस्ट ऑफिस. हा निव्वळ योगायोग आहे, मला माहितेय, तरी मी हे वाचून उठून घरभर फिरून आलो.

मॉडेलमध्ये या बाजूला काही खूण करावी का? विचार केला, नको. दगडावर नसलेली खूण मॉडेलवर नको.

५ मे

आवाजाचा प्रयोग. हा माझा हट्ट, कारण चव्हाटा जर दवंडीसाठी असेल तर ऐकू कुठवर जातं ते कळायला हवं की.

जुनी पद्धत अशी होती की कुणी कर्ज फेडलं नाही की कोर्टाचं पत्र निघायचं, मग सरकारी माणूस मर्कॅट क्रॉसवर यायचा, तीनदा ऐका हो ऐका करायचा, पत्र वाचायचा आणि तीनदा शिंग फुंकायचा. शिंग फुंकलं की तो माणूस राजाचा बंडखोर, कारण राजाच्या नावाने दिलेला हुकूम त्याने मोडला. उधारी बुडवली म्हणून थेट बंडखोर! त्या पत्रांचं नावच शिंगावरून पडलंय.

गणित सोपं आहे, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो. मोठ्याने ओरडणारा माणूस एका मीटरवर ८८ च्या आसपास धरला तर ३२ मीटरवर ५८ उरतात. बोलणं ऐकू यायला तेवढे पुरतात, आजूबाजूला शांत असेल तर. बसेस नव्हत्या तेव्हा गाई, गाड्यांची चाकं आणि माणसं, एवढाच काय तो आवाज.

वर चढता येत नाही, दार बंद, म्हणून मी खालीच पायरीपाशी उभा राहिलो आणि मुलगी टेप घेऊन चार, आठ, सोळा, बत्तीस मीटरवर. मी बटाट्याचा भाव ओरडून सांगायचा, तिने ऐकला तो लिहायचा, आणि प्रत्येक वेळी भाव वेगळा, नाहीतर ती अंदाजाने लिहिते. सोळापर्यंत सगळे बरोबर. बत्तीसला बस आली आणि तिने "साठ"च्या जागी "आठ" लिहिलं. नंतर म्हणाली, "बाबा, तू मराठीत ओरडत होतास आणि सगळे बघत होते, मला खूप लाज वाटली." वय नऊ. लाज वाटायचं वय झालंच म्हणायचं.

यावरून एक कळलं, कठडा १८ फुटांवर का. आवाज लांब जावा म्हणून तेवढा नाही जितका बोलणारा दिसावा म्हणून. खालून बोललो तर समोरच्या दहा डोक्यांत आवाज अडतो, वरून बोललं तर मागच्यालाही तोंड हलताना दिसतं. आणि शिंग आधी माणसं गोळा करतं, शब्द नंतर. २०२२ मध्ये सुद्धा तिसऱ्या चार्ल्सचं राजा म्हणून नाव एडिनबराच्या मर्कॅट क्रॉसवरून वाचलं, ११ सप्टेंबरला, ट्रम्पेट वाजवून. टीव्हीवर सगळ्यांना तीन दिवस आधीच माहीत होतं तरी.

१२ मे

सातव्या जेम्सच्या पॅनलबद्दल लिहीन म्हटलं होतं.

सप्टेंबर १७१५ मध्ये अर्ल मॅरिशल, म्हणजे इथला एक मोठा सरदार, ॲबरडीनला आला आणि याच क्रॉसवरून पळालेल्या जेम्सच्या मुलाला आठवा जेम्स म्हणून राजा जाहीर केलं. लंडनमध्ये तेव्हा जॉर्ज पहिला बसलेला. म्हणजे खाली दगडात बाप आणि वर मुलाच्या नावाची द्वाही. त्या लोकांना कठड्यावरची ओळ अपुरी वाटत असणार, अकराव्या राजाचं पॅनल राहून गेल्यासारखी.

तीस वर्षांनी परत तेच, सप्टेंबर १७४५, या वेळी सातव्या जेम्सच्या नातवाचं बंड, राजा म्हणून नाव मात्र त्याच आठव्या जेम्सचं. बंडवाल्यांनी शहराचा प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष, जेम्स मॉरिसन याला पकडून क्रॉसवर नेलं. या गावात राजाच्या आनंदाच्या दिवशी क्रॉसपाशी वाइन प्यायची रीतच होती, तर त्याच्या हातात ग्लास दिला, नव्या राजाच्या नावाने पी. तो पीत नाही म्हणाला. त्यांनी ती वाइन त्याच्या छातीवर ओतली.

बस, एवढंच, मारलं नाही की काही नाही. पण मला ही गोष्ट दहा राजांपेक्षा जास्त लक्षात राहिली. अख्खं गाव खाली उभं, वर हा गृहस्थ भिजलेल्या शर्टात, आणि कठड्यावर सातवा जेम्स बघतोय.

१९ मे

शेवटचं शूटिंग, ती चार सेंटिमीटरची फट बुजवायला. सकाळी साडेचारला उजाडतं आता, पाचला चौकात. मार्कर परत मांडले, डाळीची आठ पाकिटं परत नेली, आणि या वेळी कोपऱ्यांचे फोटो दुप्पट काढले कारण चूक तिथेच साठत होती. एकूण ३९० फोटो. फट आता सेंटिमीटरच्या आत.

दोन सीन केलेत. एक आताचा. दुसरा १८४२ च्या आधीचा, त्यात क्रॉस टोलबूथसमोर, सिटाडेल काढून टाकला, कोपऱ्यावरची बँक काढली, बाकीच्या घरांची नुसती करडी ठोकळ्यांची ओळ, कारण खिडक्या कुठे होत्या ते मनाने लावायचं नाही. तुरुंगाच्या दारातून क्रॉसकडे बघणारा एक कॅमेरा ठेवलाय आणि कठड्यावरून, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, खाली बघणारा दुसरा. कुठली बाजू टोलबूथकडे हे वूडच्या नकाशावरच्या ठिपक्यातून निघत नाही, म्हणून मॉडेल साठ-साठ अंशांनी फिरवायचं बटण दिलंय, बघणाऱ्याने हवं तसं फिरवावं. मुलीने लगेच मेरीला तुरुंगासमोर आणून ठेवलं, म्हणे ती एकटीच मुलगी आहे, तिला बघू दे कोण येतंय.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली छान झालाय चव्हाटा, पण माणसं कुठायत.

डाळीचं एक पाकीट खालून ओलं झालंय, फरशीत दव साठलं होतं. त्याचं रात्री वरण.